यंदा हिवाळा थंड आणि ओला जाणार का? उष्ण प्रदेशातल्या हवामानवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामानाचा नाद असलेला माणूस उष्ण प्रदेशात जन्माला यावा, ही निसर्गाची थट्टाच म्हणायची. वर्षातले नऊ महिने घामाचे, उरलेल्या तिनांवर सगळी भिस्त. म्हणून हिवाळा तोंडावर आला की ‘यंदा काहीतरी होणार’ अशी कुजबुज सुरू होते आणि तेच ते प्रश्न नव्या उत्साहाने विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. हिवाळा म्हणजे उत्तर गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी आणि दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट, एवढं गृहीत धरा.

‘थंड आणि ओला हिवाळा’ नक्की कशाला म्हणायचं?

आकड्यांत सांगायचं तर तुमच्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा तापमान कमी आणि पाऊस जास्त. ही सरासरी तीस वर्षांची धरतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ चालतो. त्यामुळे थंड देशातल्या माणसाला हसू येईल असा १४ अंशांचा दुपारचा पारा आपल्यासाठी थंडीच असते आणि तसं म्हणायला लाजायचं कारण नाही.

पण खरं सांगू का? हवामानवेडा ‘थंड आणि ओला’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात तीन महिन्यांची सरासरी नसतेच. त्याला हवा असतो एक दिवस. सकाळपासून झाकोळलेलं आभाळ, न थांबणारी झिमझिम, भर दुपारी तोंडातून निघणारी वाफ. हिवाळ्याची सरासरी वेगळी आणि हा दिवस वेगळा. यात गल्लत झाली की अख्खा मोसम निराशेत जातो.

थंडी आणि पाऊस एकत्र यायला अडचण काय आहे?

दोघांचं जमत नाही. उष्ण प्रदेशातली कडाक्याची थंडी बहुधा जास्त दाबाच्या क्षेत्राबरोबर येते. तिथे हवा वरून खाली उतरत असते, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. अशा रात्री जमिनीची ऊब थेट अवकाशात निघून जाते आणि पहाटेपर्यंत पारा घसरत राहतो. पावसाला नेमकं उलटं लागतं. हवा वर चढायला हवी, तिच्यात बाष्प हवं, आणि हे बाष्प येतं उबदार समुद्रावरून, म्हणजे उबदार वाऱ्याच्या पाठीवर बसून. त्यात भर म्हणून, हवा एका अंशाने थंड झाली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी घटते.

म्हणून नेहमीचा क्रम असा दिसतो: आधी ढग, दमट रात्र, पाऊस, मग शीत आघाडी (येणाऱ्या थंड हवेची पुढची कड) पुढे सरकते, वारा फिरतो, आभाळ उघडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे गारठा. पाऊस उरकून गेल्यावर थंडी येते. आपल्याला हवे असतात ते या दोन्हींच्या मधले काही तास. कधी ते तीन असतात, नशीब असेल तर तीस.

पावसाळी महिन्यात आम्ही अक्षरशः काकडलो, तरी नोंदीत महिना सरासरीपेक्षा उबदार! हे कसं?

ढग दिवसा छत्रीचं काम करतात आणि रात्री पांघरुणाचं. कोरडा दिवस घ्या: कमाल २७, किमान ९, सरासरी १८. आता ओला दिवस: कमाल २०, किमान १७, सरासरी १८.५. दुसरा दिवस तुम्ही स्वेटरमध्ये काढला, पण कागदावर तोच जास्त उबदार. पहिल्या दिवशीच्या ९ अंशांत तुम्ही झोपेत होतात. त्यामुळे महिन्याच्या सरासरीवरून भांडू नका. फक्त कमाल तापमानांची सरासरी वेगळी काढून बघा. ओल्या हिवाळ्याची थंडी सापडते ती तिथेच.

मग हे दोघे एकत्र येतात तरी कधी?

ठळकपणे दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा वरून येणारी. साधारण दहा किलोमीटर उंचीवर वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जेट प्रवाह, कधी कधी खोल वळसा घेतो आणि त्या वळशातला थंड हवेचा गोळा मूळ प्रवाहापासून तुटून विषुववृत्ताच्या दिशेने एकटाच भटकायला लागतो. खाली कोमट समुद्र, वर गोठलेली हवा. मग हवा उकळल्यासारखी वर चढते आणि सरी, गारा, गडगडाट सुरू होतो. असा तुटलेला कमी दाब कुठल्या दिशेने जाईल याचा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो, म्हणून अंदाज देणारे त्याला वचकून असतात. स्पेनमध्ये त्याला ‘दाना’ म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॅलेन्सिया भागात दोनशेहून अधिक बळी घेणारा पूर अशाच प्रणालीचा होता. तो मोसम शरदाचा होता, तेव्हा थंडीचा प्रश्न नव्हता, पण यंत्रणा तीच.

दुसरी तऱ्हा खालची, आणि माझी जास्त आवडती. जमिनीलगत थंड, कोरड्या हवेचा पातळ थर आधीच येऊन बसलेला असतो आणि त्याच्यावरून दमट हवा घसरगुंडी उलटी चढावी तशी वर सरकते. पाऊस वरच्या हवेतून पडतो, पण त्याला खालच्या कोरड्या थरातून यावं लागतं. एका रात्री अकराच्या सुमारास पहिले थेंब पडले तेव्हा माझा तापमापक १४.२ दाखवत होता. पाऊण तासात १०.८. वारा बदलला नव्हता, नवी थंड हवा कुठूनही आली नव्हती. पडणारे थेंब हवेत विरत होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्याच हवेतून उपसत होते. मातीच्या माठातलं पाणी गार होतं तसंच. पारा किती उतरेल यालाही मर्यादा आहे: ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे दाखवतो, त्याच्या खाली नाही. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी नुसतं तापमान बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो अंश. तो जितका खाली, तितकी हवा कोरडी. तापमान १४ आणि दवबिंदू १३ असेल तर फार काही घडणार नाही. दवबिंदू २ असेल तर जागे राहा.

एल निनो आला म्हणजे ओला हिवाळा नक्की ना?

हा प्रश्न नसून नवस असतो. तरी समजून घेऊ.

मध्य आणि पूर्व विषुववृत्तीय पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की एल निनो, निवलं की ला निना. मोजमाप बहुतेक करून ‘निनो ३.४’ नावाच्या पट्ट्यात होतं आणि अर्ध्या अंशाचा फरक हा उंबरठा मानतात. हे पाणी तापलं की त्यावरचा पाऊस पूर्वेकडे सरकतो, जेट प्रवाहाची वाट बदलते, आणि हजारो किलोमीटर दूरच्या हिवाळ्याचं पारडं इकडे किंवा तिकडे झुकतं. पारडं झुकतं, एवढंच.

दक्षिण कॅलिफोर्निया हे यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९९७-९८ च्या जोरदार एल निनोत लॉस एंजेलिसच्या मध्यभागी एकट्या फेब्रुवारीत सुमारे ३४७ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तिथला जवळजवळ वर्षभराचा. त्यामुळे २०१५-१६ मध्ये तेवढाच तगडा एल निनो आल्यावर सगळे छत्र्या घेऊन तयार होते. आणि शहर सरासरीपेक्षा कोरडं राहिलं. पुढे २०२२-२३ मध्ये सलग तिसरा ला निना हिवाळा होता, कागदोपत्री दुष्काळाचा. तर डिसेंबरअखेरीपासून तीन आठवड्यांत नऊ ‘वातावरणीय नद्या’ एकामागून एक त्या राज्यावर आदळल्या आणि लॉस एंजेलिसला वर्षाच्या दुपटीच्या आसपास पाऊस झाला. वातावरणीय नदी म्हणजे काहीशे किलोमीटर रुंदीचा बाष्पाचा लांबलचक पट्टा. जोरदार असेल तर मिसिसिपी नदी समुद्रात सोडते त्याच्या कित्येक पट पाणी तो वाफेच्या रूपात वाहून नेतो.

आणखी एक गोष्ट. एल निनो प्रत्येक उष्ण प्रदेशासाठी सारखा नसतो. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याला तो ओल्याकडे ढकलतो, तर दक्षिण आफ्रिकेच्या बऱ्याच भागाला त्यांच्या उन्हाळ्यात कोरडेपणाकडे. दुसऱ्याचा नकाशा बघून आपल्या गच्चीवर छत टाकू नये.

ला निना असेल तर आशा सोडायची का?

मुळीच नाही. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्याला ला निना म्हणजे सर्वसाधारणपणे उबदार, कोरडा हिवाळा. पण २१ जानेवारी २०२५ ला, क्षीण ला निना चालू असताना, न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर सुमारे २० सेंटीमीटर बर्फ पडला आणि जुना विक्रम मागे पडला. फेब्रुवारी २०२१ ची टेक्सासची थंडीही ला निना हिवाळ्यातलीच. डॅलसला पारा उणे १९ पर्यंत गेला. याउलट २०१५-१६ च्या तगड्या एल निनोत हाँगकाँग वेधशाळेने २४ जानेवारी २०१६ ला ३.१ अंश नोंदवले, १९५७ नंतरचं सर्वांत कमी. अख्खा मोसम उबदार असला तरी मधले चार दिवस तो मानत नाहीत.

ध्रुवीय भोवरा ‘फुटला’ अशी बातमी आली. आता आपल्याकडे थंडी किती दिवसांत?

बातमीत अर्धं खरं असतं. हिवाळ्यात ध्रुवावर, स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या थरात), थंड हवेचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. काही हिवाळ्यांत खालून चढणाऱ्या लाटा त्याला धक्के देतात, तिथलं तापमान थोड्या दिवसांत कधी ५० अंशांपर्यंत चढतं आणि भोवरा सरकतो किंवा त्याची दोन शकलं होतात. बर्लिनच्या रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये ही घटना पहिल्यांदा टिपली. परिणाम जमिनीपर्यंत झिरपायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तो महिना-दोन महिने रेंगाळू शकतो.

पण थंडी नेमकी कुठे सांडेल ते भोवरा सांगत नाही. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला असं तापणं झालं, फेब्रुवारीच्या मध्यात टेक्सास गोठलं. तरी या दोघांचा संबंध कितपत, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तुमचा प्रदेश विषुववृत्ताला जितका जवळ, तितकी ही बातमी तुमच्यासाठी कमी कामाची.

मोसमी अंदाजात ‘४५ टक्के शक्यता’ लिहिलंय. हे कमी की जास्त?

जास्त. हे अंदाज तीन खणांत दिलेले असतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त. काहीच माहीत नसेल तर प्रत्येक खणाला ३३. त्यातल्या एकाला ४५ मिळाले म्हणजे अंदाज देणाऱ्याला बऱ्यापैकी विश्वास आहे. अर्थात ५५ टक्के शक्यता उरलेल्या दोन खणांत शिल्लक आहेच, हे डिसेंबरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

पंधराव्या दिवसाच्या नकाशावर आपल्या डोक्यावर जांभळा, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा, रंग दिसतोय. आनंद साजरा करू का?

बाजारात तुरी!

अमेरिकेचं जीएफएस मॉडेल (हवामानाचा अंदाज काढणारा संगणकी कार्यक्रम) दिवसातून चारदा चालतं आणि सोळा दिवसांपर्यंतचे नकाशे देतं. म्हणजे दिवसातून चार वेळा सोळा दिवसांचं स्वप्न. त्यातलं एखादं जांभळं निघणारच. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये आपल्या संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि थोड्याच काळात नकली हवामान पार वेगळ्या वाटेला लागलं. आपली निरीक्षणं त्याहून कितीतरी ढोबळ असतात. महासागरांवर मोठाली पोकळी असते, ती उपग्रहांनी भरावी लागते.

म्हणून एका नकाशाऐवजी एन्सेम्बल बघा: सुरुवातीच्या नोंदी जराशा हलवून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपीय हवामान केंद्राचं एन्सेम्बल पन्नास बदललेल्या आणि एका मूळ धावेचं असतं, आणि आलेखात प्रत्येक धावेच्या तापमानाची एक रेषा असते. दहाव्या दिवशी एक्कावन्नपैकी चार रेषा खाली गेल्या असतील तर ती करमणूक. पाचव्या दिवशी चाळीस रेषा खाली असतील तर कपाट उघडा. आणि एक लक्षण ओळखायला शिका: थंडी कायम दहा दिवसांवरच राहत असेल, रोज एक दिवस पुढे सरकत असेल, तर ती येत नसते. एका हिवाळ्यात मी असा दहा दिवसांवरचा गारठा दीड महिना पाहिला.

मोबाइलच्या अ‍ॅपवर बर्फाचं चिन्ह आलंय!

ते चिन्ह माणसाने लावलेलं नसतं. एका मॉडेलच्या एका चौकोनातला आकडा आहे तो. संध्याकाळी परत बघा, बहुतेक ढग झालेला असेल.

पण बर्फ पडणं अगदीच अशक्य आहे का?

अगदीच नाही. १९ जानेवारी १९७७ ला मायामीत बर्फाचे कण पडताना दिसले. बगदादमध्ये जानेवारी २००८ मध्ये आणि नंतर फेब्रुवारी २०२० मध्ये बर्फ पडला. जमिनीवर शून्य अंश असायलाच हवेत असंही नाही. शून्य अंशाची पातळी डोक्यावर दोन-तीनशे मीटरवर असेल आणि खालची हवा कोरडी असेल तर कण वितळायच्या आत पोचू शकतात. वर सांगितलेला ओल्या फडक्याचा हिशेब इथेही लागू. उष्ण प्रदेशात बर्फाच्या दहा बातम्यांपैकी बऱ्याच मात्र गारांच्या निघतात. गारा ढगांच्या गडगडाटातून येतात, घट्ट असतात आणि उन्हाळ्यातही पडतात. हातात घेऊन बघा, मग बोला.

बर्फात झाकलेल्या स्फिंक्सचा फोटो खरा आहे का?

नाही. डिसेंबर २०१३ मध्ये पूर्व भूमध्य भागात थंडीचं मोठं वादळ आलं, जेरुसलेममध्ये भरपूर बर्फ साचला, आणि कैरोच्या आसपासही पांढरं दिसल्याच्या बातम्या आल्या. त्या गडबडीत हा फोटो जगभर फिरला. तो जपानमधल्या तोबू वर्ल्ड स्क्वेअर या उद्यानातल्या छोट्या प्रतिकृतीचा आहे. घटना खरी, फोटो खोटा. ही जोडी दर हिवाळ्यात भेटते.

मुंग्या, पक्षी, फुलोरा यांवरून कडक हिवाळा ओळखता येतो म्हणतात.

ते झालेल्या हवामानाला प्रतिसाद देतात, येणाऱ्या नाही. बघायला मात्र छान असतात.

घरी नोंदी ठेवायच्या आहेत. तापमापक कुठे लावू?

भिंतीवर नको. पहिल्या हिवाळ्यात मी तो पश्चिमेच्या भिंतीला ठोकला आणि महिनाभर शेजारच्या अधिकृत केंद्राला नावं ठेवली, कारण माझा पारा पहाटे दोन अंश वर असायचा. दिवसभर ऊन प्यालेली भिंत रात्रभर ते परत देत होती. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्यावर, सावलीत आणि हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत हवा. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ लावलेल्या तापमापकाबद्दल मला काही विचारू नका.

पर्जन्यमापक झाडापासून आणि छपरापासून दूर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे लक्षात ठेवलं की मोजमापातली चूक लगेच कळते.

अंश ८ असताना ‘जाणवतं ४’ असं कसं? आणि पावसात भिजलो तर?

वारा त्वचेजवळचा उबदार हवेचा थर उडवून नेतो, म्हणून. वाऱ्याच्या गारठ्याचं चालू सूत्र १० अंश आणि त्याखालीच, तेही वारा ताशी जवळपास ५ किलोमीटरच्या वर असेल तरच वापरायचं. २२ अंशांना कुणी ‘जाणवतं १७’ म्हणत असेल तर ते दुसरं काहीतरी गणित आहे.

या सूत्रात पाऊस धरलेलाच नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ८ अंश, वारा आणि ओले कपडे ही जोडगोळी कोरड्या शून्य अंशाहून घातक ठरू शकते. शरीराचं तापमान धोक्याच्या खाली जायला गोठणबिंदू लागत नाही.

थंडीची वाट बघणं म्हणजे दुसऱ्याच्या हालांची वाट बघणं नाही का?

थंडी आपल्या बघण्याने येत नाही, तेव्हा अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण उष्ण प्रदेशातली घरं उष्णता बाहेर टाकायला बांधलेली असतात, नळ उघड्यावर असतात, आणि अंगावर पांघरायला काही नसलेली माणसं दर थंडीत असतात. टेक्सासच्या त्या लाटेत राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं गेली. त्यातली काही बंद घरात ऊब मिळवायला काहीतरी पेटवल्याने. जळत्या कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि हौस म्हणून डोंगरावर धावू नका. हाँगकाँगच्या त्या जानेवारीत हिमकण बघायला कितीतरी लोक ताय मो शान या तिथल्या सर्वांत उंच डोंगरावर गेले, रस्त्यावर काचेसारखा थर जमला, माणसं अडकली, आणि सोडवायला आलेले अग्निशमन दलाचे जवानही घसरत होते.

जग तापतंय. मग असे दिवस संपणार का?

कमी होतील, संपणार नाहीत. सरासरी वर सरकते तेव्हा थंडीचं टोकही सरकतं, पण पुसलं जात नाही. ओलेपणाचं गणित मात्र वाढीकडे आहे. तेच ७ टक्के इथे उलट्या बाजूने लागू होतात, आणि मुसळधार पाऊस अधिक मुसळधार होतो. थोडक्यात ‘ओला’ मिळायची शक्यता चांगली, ‘थंड’ची घासाघीस.

असा थंड, ओला दिवस खरंच उगवला, तर काय टिपून ठेवायचं?

दर तासाला तापमान, दवबिंदू, दाब, वाऱ्याची दिशा. नुसते कमाल-किमान आकडे अशा दिवशी हमखास फसवतात, कारण शीत आघाडी पहाटे येऊन गेली तर दिवसाचं कमाल तापमान मध्यरात्रीच्या ठोक्यालाच नोंदलं गेलेलं असतं. माझ्या वहीत असं एक पान आहे. रात्री बाराला १८.१, सकाळी सहाला १३, दुपारी दोनला ११.४, दिवसभराचा पाऊस २३ मिलिमीटर. कमाल तापमानाच्या रकान्यात अर्थातच १८.१. समासात पेन्सिलीने ‘बोटं वळत नाहीत’ असं लिहिलंय, आणि अक्षर बघितलं तर ते खरंही वाटतं.